बिलाच्या तळाची ओळ

सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला आणि आमच्या मेडिकलमधलं बिलाचं सॉफ्टवेअर नव्यानं लावून घ्यावं लागलं. त्यासाठी आलेला मुलगा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "काका, तळाच्या दोन ओळी तशाच ठेवू ना?"

"कुठल्या दोन?"

त्यानं वाचून दाखवल्या. वरची : आरोग्य हीच खरी संपत्ती. तिच्याखाली : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

१९८८ साली दुकान टाकलं तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलावर या दोन ओळी आहेत. आधी कार्बन घालून फाडायच्या बिलबुकात होत्या, मग डॉट मॅट्रिक्सवर आल्या, आता थर्मलच्या चिठोऱ्यावर. एवढ्या वर्षांत त्या एकाखाली एक अशा कुणी मोठ्यानं वाचल्या नव्हत्या. मी म्हणालो, "वरची काढून टाक."

"वरची?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "लोक खालची काढा म्हणतात."

खालच्या ओळीची मला तशी लाज नाही, कारण ती मी रोज मोडतो. आमच्या रस्त्यावर पेशंट दगावला की दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ किंवा जावई उरलेली इंजेक्शनं आणि सलाइनच्या बाटल्या पिशवीत घालून दुकानात येतो. सील शाबूत आणि सोबत बिल असलं की मी पैसे परत देतो. फ्रिजमधला माल तेवढा घेता येत नाही. लाज आहे ती वरच्या ओळीची. ती नुसती छापली असती तर एक वेळ चाललं असतं. मी ती लोकांना ऐकवत होतो. आणि एका माणसाला जी ऐकवली, तिच्याबद्दल हे लिहितोय.

मिरज म्हटलं की बाहेरच्यांना सतार-तंबोरे आठवतात, पण आजूबाजूच्या तालुक्यांना आठवतात ते दवाखाने. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून ही ओढ आहे. जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, आणि सीमेपलीकडून अथणी, कागवाड. माझं निम्मं गिऱ्हाईक आजार कानडीत सांगतं आणि पैसे मराठीत मोजतं. अशा गावात मेडिकल चालवायचं म्हणजे काउंटरवर उभं राहून माणसांच्या चिठ्ठ्या आणि पाकिटं, दोन्ही एकाच वेळी उघडताना बघायचं. चिठ्ठीवर तीस गोळ्या लिहिलेल्या असतात आणि माणूस खिसा चाचपून म्हणतो, "सध्या दहाच द्या." कुणी म्हणतं, "अर्धं पाकीट मिळंल का?" मग ड्रॉवरमधली कात्री काढायची.

त्या कात्रीबद्दल आधीच सांगून ठेवतो. स्ट्रिपवर औषधाचा बॅच नंबर आणि मुदत संपायची तारीख बहुतेक वेळा एकाच टोकाला असते. आम्ही कापतो ते दुसऱ्या टोकाकडून. तारखेचा तुकडा दुकानात राहतो, म्हणजे तो पुढं विकता येतो. बिनतारखेचा तुकडा गिऱ्हाइकाला. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच आठवड्यात हाताला आपोआप समजलं.

आणि अशा अर्ध्या पाकिटाच्या गिऱ्हाइकाला मी सल्ला द्यायचो. फुकट. "अहो, पैसा काय, आज गेला तर उद्या येईल. शरीर गेलं की आलं का परत?" वर त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या मोबाइलकडे बघायचो. रिचार्जला पैसे आहेत, गोळीला नाहीत, असं मनात म्हणायचो. कधी तोंडानंही.

हे तत्त्वज्ञान माझ्याकडे आलं ते वडिलांकडून. वडील तालमीतले. फार मोठं नाव नव्हतं, पण आसपासच्या जत्रांतून कुस्त्या मारलेले. पहाटे चारला उठून जोर-बैठका काढायचे. आम्हा भावंडांना उन्हात उभं करून सांगायचे, माणसाची कमाई म्हणजे ही छाती आणि हे दंड, बाकी सगळं चोर नेतो. मी काही पैलवान झालो नाही. फार्मसीची पदविका घेतली आणि चष्मा लागला. पण ते वाक्य घेऊन आलो. बिलबुक छापताना प्रेसवाल्यानं "खाली काय टाकायचं?" असं विचारल्यावर ते क्षणात ओठांवर आलं. प्रेसवाल्यानं मान डोलवली. अशा वाक्याला मान न डोलवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आता वाटतं, तिथंच संशय यायला हवा होता.

जतकडचे एक गृहस्थ होते. नाव लिहीत नाही; दुकानात आम्ही त्यांना मामा म्हणायचो. चार एकर कोरडवाहू, एक जर्सी गाय, दोन शेळ्या. २००८ च्या सुमारास त्यांना साखर निघाली. मला त्याच्या दोन वर्षं आधी निघाली होती, त्यामुळे आमचं एक नातं जमलं होतं. दोघांच्या गोळ्याही त्याच, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या, सकाळ-संध्याकाळ. "तुमची किती आली?" "एकशे ऐंशी. तुमची?" अशी चौकशी व्हायची. शेतकरी जसे एकमेकांना पाऊस विचारतात, तशी.

२०१६ चा एप्रिल. मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे सुटत होती. पहिली गाडी दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर घेऊन गेली आणि आम्ही मिरजकर जरा छाती काढून फिरत होतो. त्याच आठवड्यात मामा आले. जतला टँकर चालू होते. चिठ्ठीवर महिन्याच्या साठ गोळ्या. ते म्हणाले, "तीस द्या. एकच घेतो सध्या, सकाळची."

मी भडकलो. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि गर्दीत मला बोलायला जास्त आवडायचं. म्हणालो, "मामा, गोळी म्हणजे भाकरी नव्हे, अर्धी खाल्ली तरी चालेल असं म्हणायला. शरीर राहिलं तर शेत. आरोग्य हीच संपत्ती, हे बघा, बिलावरच छापलंय." आणि बोटानं दाखवलं.

मामांनी बिल हातात घेतलं, लांब धरून वाचलं, घडी घातली. म्हणाले, "मालक, शरीर राखाय बसलो तर रान जातंय. रान गेल्यावर शरीर घिऊन कुटं बसू?"

लोक हसले. मीही हसलो. तीस गोळ्या दिल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळ्यांना माहीत असतं. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. साखरेनं पायाची जाणीव गेलेली असते, त्यामुळे तो मोडला हेच चार-पाच दिवस कळलं नाही. जखम चिघळली. महिना-दीड महिना गावातला डॉक्टर, मग तालुक्याचा, मग इकडचा खासगी, अशी ड्रेसिंगं आणि अँटिबायोटिक्स झाली. शेवटी सरकारी इस्पितळात डावा पाय गुडघ्याखाली काढला. ऑपरेशनला पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. जे लागायचे ते आधीच्या दीड महिन्यात लागून गेले होते. त्यात दीड एकर विकलं.

मला कळलं तेव्हा घरी जेवताना बायकोला म्हणालो, "सांगितलं होतं मी." वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्यात एक ठोकळा बरोबर खाचेत बसल्याचं समाधानही होतं. माझं वाक्य खरं ठरलं होतं. गोळ्यांचे पैसे वाचवले, पाय गेला आणि रानही गेलं. यापेक्षा चोख उदाहरण कुठून आणायचं? मी ते वापरायला लागलो. कुणी अर्धं पाकीट मागितलं की, "जतचे एक मामा होते, त्यांचं काय झालं ऐका." वर्षभर मी एका माणसाचा कापलेला पाय काउंटरवर मांडून ठेवला होता, हे आज लिहिताना हात जड होतोय. तेव्हा झाला नाही.

एकदा ही गोष्ट सांगत असताना समोरच्या तिघांत मामांचा मुलगा उभा होता. मी त्याला ओळखत नव्हतो. आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन, पंचविशीतला. त्यानं गोष्ट पूर्ण होऊ दिली, पुढचं गिऱ्हाईक जाऊ दिलं, आणि मग वडिलांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. चिठ्ठीवरचं नाव बघून माझं तोंड वाळलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पाय गेला ते बराबर सांगताय. हिशोब तेवढा चुकीचा सांगताय. पेन द्या."

बिलाच्याच पाठीवर त्यानं आकडे मांडले, २०१६ चे. मिरजेची एक फेरी. डॉक्टरांची फी तीनशे. रक्ताच्या तपासण्या, तीन महिन्यांची साखर धरून, आठशे. वडिलांना चक्कर यायची म्हणून सोबत कुणीतरी हवं, त्यामुळे एसटीची दोघांची जाऊन-येऊन तिकिटं तीनशे चाळीस. दोघांचा मोडलेला रोज सहाशे. चहा-पाणी, वडापाव शंभर. बेरीज दोन हजार एकशे चाळीस. त्याखाली रेघ मारून त्यानं माझा आकडा लिहिला : गोळ्या, ब्लडप्रेशरची धरून, सहाशे साठ.

म्हणजे एका फेरीच्या अठ्ठावीसशे रुपयांत औषध चौथा हिस्सासुद्धा नव्हतं.

"आता ह्यातलं काय तोडायचं, तुम्ही सांगा," तो म्हणाला. "डॉक्टर अर्धी फी घेतंय का? कंडक्टर अर्धं तिकीट फाडतंय का? पाकीट तेवढं कातरीनं कापता येतंय. म्हणून आबांनी पाकीट कापलं."

मग त्यानं गायीचं सांगितलं. त्या वर्षी कडबा परवडत नव्हता, लोक जनावरं बाजाराला नेत होते. गोळ्यांत वाचलेले पैसे मामांनी चाऱ्यात घातले आणि गाय टिकवली. गायीच्या दुधाचं डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी यायचं, आणि उरलेल्या अर्ध्या गोळ्या त्या बिलातून यायच्या. गाय विकून सगळ्या गोळ्या घेतल्या असत्या तर तीन-चार महिने साखर उत्तम राहिली असती. "पाचव्या महिन्याला काय विकायचं हुतं, मालक?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. सदतीस वर्षं मी औषधं विकतो, एमआरपी, सूट, परतावा, सगळं बोटांवर असतं. आणि हा हिशोब मला आयटीआयच्या पोरानं दाखवावा लागला. कारण सोपं होतं. मला माणसं तोडताना दिसायची ती फक्त औषधच, कारण कात्री माझ्या हातात होती. बाकी ती काय काय आधीच तोडून आली आहेत, ते काउंटरवर दिसत नाही.

अजून एक गोष्ट त्यानं सांगितली नाही, ती माझी मला आठवली. दुकानापासून चालत दहा मिनिटांवर एक जनऔषधी केंद्र होतं. त्याच घटकांची गोळी तिथं निम्म्याहून कमी भावात मिळायची. चिठ्ठीवरचा ब्रँड बदलून द्यायचा मला अधिकार नाही, हे खरं. पण "डॉक्टरांना एकदा विचारून बघा, तिकडं स्वस्त पडेल," एवढं म्हणायला कुठला कायदा आड येत होता? मी मामांना आरोग्याचं महत्त्व सांगितलं, पत्ता सांगितला नाही. आरोग्य हीच संपत्ती हे वाक्य त्या अर्थानं माझ्या बिलावर अगदी खरं होतं. फक्त संपत्ती माझी होती.

आता माझ्या साखरेचं. मामांच्या आधी दोन वर्षं मला निघाली, आणि दोन्ही पाय जागेवर आहेत. मी मामांपेक्षा शिस्तीचा होतो का? मुळीच नाही. मामा आयुष्यभर ज्वारीची भाकरी खाऊन रोज पाच-सहा किलोमीटर चालले. मी सकाळी नऊ ते रात्री दहा स्टुलावर बसून होतो, चार वाजता भडंग, आणि कोण काय पेढे घेऊन येईल ते. आमच्या रस्त्यावर ऑपरेशन यशस्वी झालं की पेढे वाटतात. मेडिकलवाल्याचा वाटा ठरलेला. फरक एवढाच की माझी तपासणी समोरच्या लॅबचा पोरगा दुकानात येऊन करून जायचा, गोळ्या माझ्या पाठीमागच्या कप्प्यात होत्या, आणि डॉक्टर दुकानावरून जाताना विचारायचे, "काय, साखर काय म्हणते?" पथ्य मी पाळलं नाही. माझ्या वाटचं ते पैशानं आणि जागेनं पाळलं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी काउंटरवर उभा असताना जबडा आणि डावा दंड दुखायला लागला. मला कळलं. ॲस्पिरिनची गोळी चावली, पोराला हाक मारली, आणि बारा मिनिटांत मी दवाखान्याच्या खाटेवर होतो. एक स्टेंट बसली. विम्यानं बिल भरलं. पाचव्या दिवशी घरी, महिनाभर विश्रांती. दुकान मुलानं आणि नोकरांनी चालवलं, एक दिवस बंद राहिलं नाही. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, "शेवटी आरोग्य महत्त्वाचं, पैसा काय." मी मान डोलवायचो. त्या महिनाभरात पैशानं माझ्यासाठी काय काय केलं त्याची यादी मी तेव्हा केली नाही. ती मामांच्या मुलाच्या बेरजेनंतर केली.

त्या यादीत एक गंमत सापडली. माझ्या ऑपरेशनच्या सहाच महिने आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली होती. लाख-सव्वालाखाला लावली जाणारी औषधी स्टेंट कर सोडून २९,६०० रुपयांच्या वर विकता येईना. आम्ही धंद्यातले लोक तेव्हा कपाळाला हात लावून बसलो होतो, आता माल येणार नाही, कंपन्या पळून जाणार, वगैरे. माल आला. राजपत्रातल्या एका आकड्यानं जेवढ्या छात्या वाचवल्या असतील, तेवढ्या माझ्या बिलातळाच्या ओळीनं शंभर वर्षांत वाचवल्या नसत्या.

वडिलांच्या वाक्याकडेही मग मी नव्यानं पाहिलं. छाती आणि दंड ही कमाई, चोर नेत नाही. पण ती छाती आली कुठून? आजोबांच्या दारात तीन म्हशी होत्या. वडिलांना सकाळी दूध, संध्याकाळी बदामाची थंडाई, आठवड्याला दोनदा मटण; आणि शेतातल्या कामातून सूट, कारण पोरगा मेहनत करतोय. धाकट्या काकांना ती सूट नव्हती. ते औतामागं गेले आणि काटकुळेच राहिले. तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला विचारा, तो आधी खुराकाचं बोलतो, डावपेचांचं नंतर. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं मैदान बांधलं हे सगळे सांगतात, पण त्यांच्या पदरच्या पैलवानांचा खुराक संस्थानाच्या तिजोरीतून जायचा, ती निम्मी गोष्ट आहे. शरीर ही संपत्ती खरीच. पण ती आधी कुणाच्या तरी संपत्तीतून शरीरात भरावी लागते. वडील हे विसरले नव्हते. म्हशी सदा दारात असल्यामुळे त्यांना त्या दिसत नव्हत्या.

मिरजेतल्या माणसाला हे कळायला इतका वेळ लागावा याचं मला जास्त वाटतं. सांगली रस्त्यावर वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम होतं. माझ्या लहानपणी त्या बाजूनं जाताना मोठी माणसं नाकाला पदर लावायची. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्याच्या आधी कुठल्याही सॅनिटोरियममध्ये औषध असं नव्हतंच. मग काय द्यायचे? मोकळी हवा, दूध, अंडी, स्वच्छ अंथरूण, आणि महिनोन्महिने काम न करण्याची परवानगी. नीट पाहिलं तर हे श्रीमंताचं रोजचं जगणं आहे. तेच चमच्यानं मोजून औषध म्हणून द्यायचे. काही लोक बरेही व्हायचे. मग घरी जायचे, त्याच खोलीत, त्याच रोजावर. पुढचं सांगायला नको.

ही जुनी गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये झारखंडातल्या एका प्रयोगाचा अहवाल आला. आमच्या दुकानात येणाऱ्या एका डॉक्टरांनी तो मला समजावून दिला. क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत हे दिलं तिथं, न दिलेल्या घरांच्या मानानं, नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तपासणीत जंतू सापडलेल्या फुफ्फुसाच्या क्षयाचं तर ४८ टक्क्यांनी. डॉक्टर गेले आणि मी बराच वेळ माझ्या कपाटांकडे बघत राहिलो. चार भिंती भरून औषधं, आणि तूरडाळ एका कप्प्यात नाही. ती शेजारच्या किराणा दुकानात मिळते, ज्याच्या बिलावर आरोग्याबद्दल काही छापलेलं नाही.

बायकोला हे सगळं पटत नाही. ती म्हणते, "म्हणजे तुम्ही आता पैसा मोठा म्हणायला लागलात." आणि तिच्याकडे उदाहरणं आहेत. आमच्याच गल्लीतले एक बागाईतदार, द्राक्षाची पंधरा एकर, बंगला, दोन गाड्या, आणि गुटख्यानं तोंड बोटभर उघडत नाही. गेली दोन वर्षं पातळ पेज. त्यांना जाऊन विचार पैसा मोठा की तोंड, असं ती म्हणते. मी विचारणार नाही. ते काय सांगतील हे मला माहीत आहे, आणि ते खरंच असेल.

पण मला दिसतं ते असं, की आजाराआधीचा पैसा आणि आजारानंतरचा पैसा ही दोन वेगळी नाणी आहेत. आधीचा पैसा म्हणजे दूध, खिडकी असलेली खोली, पायात चप्पल, आणि अंग दुखलं तर घरी बसता येईल असा एक दिवस. हा शेवटचा सगळ्यात महाग. नंतरचा पैसा म्हणजे बिल. बागाईतदारांकडे नंतरचा पैसा मुबलक आहे, पण आधीच्या पैशानं त्यांनी गुटखा घेतला. तो दोष त्यांचा, आणि त्यांना माझं जुनं वाक्य ऐकवलं तर अन्याय होणार नाही. मामांकडे आधीचा पैसा कधी नव्हताच. त्यांना तेच वाक्य ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला हळू चावून खा म्हणण्यासारखं. एकच वाक्य दोन माणसांना सारखं लागू पडेल, असं समजून मी ते छापलं होतं.

सरकारी हिशोब सांगतो की देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो, त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. चांगलंच आहे. काउंटरवरूनही थोडं जाणवतं. मोठ्या ऑपरेशनांसाठी दागिने मोडून आलेली माणसं पूर्वीइतकी दिसत नाहीत. पण मोडलेला रोज त्या हिशोबात धरत नाहीत. मामांच्या मुलाच्या बेरजेतला तो सहाशेचा आकडा दिल्लीच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

मुलाची माफी मी मागितली का? नीट नाही. त्या दिवशी "बघतो, डॉक्टरांशी बोलतो," असं काहीतरी पुटपुटलो. पुढच्या महिन्यात त्याला जनऔषधीचा पत्ता लिहून दिला. त्यानं तो वाचला आणि म्हणाला, "हे ठावं हाय. गेल्या वर्षापासनं तिकडनंच घेतोय. आज तिकडं संपल्यात म्हणून आलो." मामा आता जयपूर फूट लावून गोठ्यापर्यंत जातात असं त्याच्याकडून कळतं. माझ्याकडे ते पुन्हा आले नाहीत. मीही जतला गेलो नाही. जायला हवं होतं, हे बायकोचं म्हणणं मात्र मला मान्य आहे.

दुकानात मी आता सल्ला देत नाही. अर्धं पाकीट मागितलं की कात्री काढतो. फक्त टोक बदललंय. तारीख असलेला तुकडा गिऱ्हाइकाला देतो, बिनतारखेचा माझ्याकडे राहतो. मुलगा कुरकुरतो. त्याचं बरोबर आहे. तारीख नसलेली स्ट्रिप पुढं कुणाला देता येत नाही, महिनाअखेरीला तेवढं नुकसान. बरीचशी फेकावी लागते. त्यातली साखरेची तेवढी मी ड्रॉवरमधल्या डब्यात टाकतो, वर पेननं तारीख लिहून. त्या मलाच लागतात, सकाळी एक, संध्याकाळी एक.